डाग दिसला म्हणजे रोग ठरला?

मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदूच्या आजाराच्या निदानाचे निकष २०२४ मध्ये पुन्हा सुधारण्यात आले आणि २०२५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. जगभरातील मेंदूविकारतज्ज्ञ ज्यांना 'मॅक्डोनाल्ड निकष' म्हणून ओळखतात, त्यांची ही नवी आवृत्ती. वरवर पाहता हा तज्ज्ञांच्या वर्तुळापुरता विषय वाटेल. परंतु हातापायांना मुंग्या, एका डोळ्याने अचानक अंधुक दिसणे, चालताना झोक जाणे अशा तक्रारी घेऊन खामगाव, मलकापूर किंवा मेहकर येथून अकोल्याची आणि पुढे नागपूर-मुंबईची वाट धरणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा बदल फार महत्त्वाचा आहे. कारण या आजाराच्या निदानाचा भार आता पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात एमआरआयच्या चित्रावर येणार आहे. ते चित्र कोणत्या पद्धतीने काढले आणि कोणी वाचले, यावर रुग्णाची पुढची अनेक वर्षे अवलंबून राहतील.

आजार समजायला अवघड नाही. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील चेतातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टण असावे तसे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिथरते आणि या आवरणावर हल्ला करते. जेथे आवरण झडते तेथे संदेशवहन अडखळते. डोळ्याच्या नसेवर आघात झाला तर दृष्टी जाते, मज्जारज्जूवर झाला तर पाय लुळे पडतात किंवा लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेक रुग्णांत हे झटके येतात, काही आठवड्यांनी ओसरतात आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा उद्भवतात. आजाराची सुरुवात प्रामुख्याने वीस ते चाळीस या वयात होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट आढळते. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मुलेबाळे याच काळात हा आजार दार ठोठावतो. जगात सुमारे २९ लाख लोक या आजारासह जगत असल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

चार्कोपासून चुंबकापर्यंत

या आजाराचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तिन चार्को यांनी १८६८ मध्ये केले. मृत रुग्णांच्या मेंदूत आढळलेले कठीण चट्टे आणि जिवंतपणी दिसलेली लक्षणे यांची त्यांनी सांगड घातली. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे हे चट्टे जिवंत माणसात पाहण्याची सोय नव्हती. निदान सर्वस्वी डॉक्टरांच्या तपासणीवर आणि रुग्णाच्या हकिकतीवर चाले. नियम एकच होता. आघात मेंदूच्या किंवा मज्जारज्जूच्या एकाहून अधिक ठिकाणी झालेला हवा आणि एकाहून अधिक वेळा झालेला हवा. 'स्थळात विखुरलेला आणि काळात विखुरलेला' ही ती दुहेरी अट. दुसरा झटका येईपर्यंत वाट पाहणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असे.

१९८० च्या दशकात एमआरआय आले आणि चट्टे जिवंतपणी दिसू लागले. ज्या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा सर्वांत मोठा लाभ ज्या आजारांना झाला त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचे नाव वरचे आहे. २००१ मध्ये इयान मॅक्डोनाल्ड यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञगटाने एमआरआयला निदानाच्या निकषांत औपचारिक स्थान दिले. २००५, २०१० आणि २०१७ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. प्रत्येक सुधारणेची दिशा एकच होती, ती म्हणजे निदान लवकर व्हावे. कारण दरम्यानच्या काळात औषधे आली होती. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिल्या इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि त्यानंतर झटके कमी करणाऱ्या औषधांची रांगच लागली. ही औषधे गेलेले परत आणत नाहीत, पुढचे नुकसान टाळतात. म्हणूनच ती जितक्या लवकर सुरू होतील तितके हित.

परंतु घाईला नेहमीच दुसरी बाजू असते. एमआरआयवर दिसणारा प्रत्येक पांढरा डाग मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नसतो. रक्तदाब आणि मधुमेह यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या तरी डाग पडतात. अर्धशिशीच्या रुग्णांतही ते दिसतात आणि वाढत्या वयाबरोबरही येतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या दोन नामांकित केंद्रांत या आजाराचे निदान घेऊन आलेल्या २४१ रुग्णांची तपासणी करण्यात आली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४३ जणांना हा आजार नव्हताच असे आढळले. त्यांतील बहुसंख्यांना त्याची औषधे मात्र सुरू झालेली होती. जेथे यंत्रे आणि तज्ज्ञ दोन्ही मुबलक आहेत तेथील ही स्थिती.

डागाच्या मध्यभागी एक शीर

नव्या निकषांचे महत्त्व येथे आहे. आजवर प्रश्न विचारला जाई तो 'डाग किती आणि कोठे?' असा. आता त्याबरोबर 'डाग कोणत्या जातीचा?' हाही प्रश्न विचारला जाणार आहे आणि त्याचे उत्तर देणाऱ्या दोन खुणांना निकषांत प्रथमच स्थान मिळाले आहे.

पहिली खूण 'मध्यवर्ती शिरेची'. मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील दाह बारीक शिरांभोवती सुरू होतो आणि तेथून पसरतो. त्यामुळे या आजाराच्या डागाच्या मधोमध एक शीर असते. ही गोष्ट शवविच्छेदन करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये वर्णन केलेले, मेंदूच्या पोकळ्यांपासून बोटांसारखे बाहेर पसरणारे चट्टे शिरांच्याच दिशेने गेलेले असतात. रक्तातील लोहाला संवेदनशील असलेल्या एमआरआयच्या विशिष्ट पद्धतीने ही शीर पांढऱ्या डागाच्या मध्यभागी काळ्या ठिपक्यासारखी किंवा रेघेसारखी उमटते. रक्तदाबाच्या किंवा अर्धशिशीच्या डागांत ती क्वचितच आढळते. असे मधोमध शीर असलेले सहा डाग सापडले तर निदानाला भक्कम आधार मिळतो. वाचणाऱ्याला सर्व डाग मोजत बसावे लागत नाहीत.

दुसरी खूण 'लोहाच्या कडेची'. काही डागांतील दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. अशा डागांच्या कडेला लोह साठवलेल्या पेशींची फळी उभी असते आणि चित्रात डागाभोवती काळी किनार दिसते. ही खूण निदानाला तर उपयोगी पडतेच, शिवाय आजाराच्या पुढील वाटचालीचीही सूचना देते. असे चार किंवा अधिक डाग असणाऱ्यांना तुलनेने कमी वयात अपंगत्व येते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले होते.

याखेरीज आणखी काही बदल झाले आहेत. मेंदूच्या पोकळ्यांलगतचा भाग, मेंदूच्या पृष्ठभागालगतचा भाग, मेंदूचा तळ व लहान मेंदू, आणि मज्जारज्जू या चार ठिकाणांच्या जोडीला डोळ्याची नस हे पाचवे ठिकाण मान्य झाले. पाचांपैकी किमान चार ठिकाणी वैशिष्ट्यपूर्ण डाग असतील आणि लक्षणेही तशीच असतील, तर 'काळात विखुरलेला' ही जुनी अट पूर्ण होण्याची वाट पाहण्याची गरज उरलेली नाही. पाठीतील पाणी काढून करावयाच्या तपासणीतही कॅपा मुक्त प्रथिनसाखळीची तुलनेने सोपी चाचणी ग्राह्य धरण्यात आली. त्याच वेळी, पन्नाशी ओलांडलेल्या किंवा रक्तदाब-मधुमेह असलेल्या रुग्णांत अधिक पुरावा मागावा, अशी सावधगिरीही सांगितली आहे. एका हाताने दार उघडताना दुसऱ्या हाताने कडी सांभाळण्याचाच हा प्रकार.

मुंबईने शिकवलेला धडा

'हा गोऱ्यांचा आजार' अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. विषुववृत्तापासून दूर, थंड प्रदेशांत तो अधिक, हे खरेच आहे. परंतु तो येथे नाही हे खरे नव्हते. मुंबईतील डॉ. भीम सिंघल आणि डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७५ मध्ये मुंबई परिसरातील रुग्णांचा तपशीलवार आढावा प्रसिद्ध केला. एमआरआय नसतानाच्या काळातील ते काम सर्वस्वी डॉक्टरांच्या नजरेवर आणि हातोडीवर आधारलेले होते. पुढे १९९० मध्ये डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने पारशी समाजात लाखामागे सुमारे २६ रुग्ण असल्याचे दाखवले. त्या काळी उर्वरित भारतीयांसाठी मानल्या जाणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट हा आकडा होता. मुंबईतच १९८५ मध्ये रेहमत फाजलभॉय यांनी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्या स्वतः या आजाराच्या रुग्ण होत्या. 'आपल्याकडे हा आजार दुर्मीळ' या वाक्यामागे रुग्णांच्या अभावापेक्षा निदानाचा अभाव अधिक होता, हे एमआरआय यंत्रे वाढली तसे स्पष्ट होत गेले. मंगळुरू शहरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण आढळले.

मुंबईच्या अनुभवात आणखी एक धडा दडलेला होता. भारतीय रुग्णांत डोळे आणि मज्जारज्जू यांवरील आघात ठळक असतो, असे येथील डॉक्टरांच्या नोंदींत वारंवार येत असे. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांना न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या आजारात एक विशिष्ट प्रतिपिंड सापडले आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणून गणल्या गेलेल्या काही रुग्णांचा आजार मुळात वेगळाच असल्याचे उलगडले. मॉग प्रतिपिंडाशी निगडित तिसऱ्या आजाराचे स्वतंत्र निकष २०२३ मध्ये आले. हा केवळ नामकरणाचा वाद नाही. इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही मल्टिपल स्क्लेरॉसिसची औषधे न्यूरोमायलायटिसच्या रुग्णाला दिली तर आजार बळावू शकतो. नाव चुकले तर उपाय अपाय ठरतो, तो असा.

भारतीय संदर्भात चुकण्याच्या वाटा आणखीही आहेत. क्षयाची मेंदूतील गाठ, टेपवर्मच्या अळ्यांनी होणारा सिस्टिसर्कोसिस, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने मज्जारज्जूला होणारी इजा हे सर्व आपल्या ओळखीचे आजार. शुद्ध शाकाहारी कुटुंबांतील ब-१२ ची कमतरता तर घरोघरची गोष्ट. साधे इंजेक्शन आणि गोळ्या यांनी सुधारणारा विकार आयुष्यभराच्या आजाराच्या नावाखाली जावा, किंवा क्षयाच्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दडपणारे औषध मिळावे, याइतकी महागडी चूक दुसरी नसेल.

जिल्ह्याच्या टोकाला काय पोचते?

आता हे निकष बुलढाणा जिल्ह्याच्या वास्तवात आणून पाहावेत. खामगाव हे जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर. कापसाची जुनी बाजारपेठ आणि चांदीच्या कारागिरीमुळे 'रजतनगरी' ही ओळख. कापसासाठी १८७० मध्येच जलंबहून रेल्वेचा फाटा येथवर आला. वैद्यकीय शिक्षणाला मात्र जिल्ह्यात यायला त्यानंतर दीडशे वर्षे लागली. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मधले, तर बुलढाण्याचे स्वतःचे महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. मेंदूविकारतज्ज्ञ देशातच मोजके आणि तेही मोठ्या शहरांत एकवटलेले. त्यामुळे हातपाय बधिर झालेला तरुण आधी सर्वसाधारण डॉक्टरांकडे, मग अस्थिरोगतज्ज्ञाकडे, दृष्टी अंधुक झाली तर नेत्रतज्ज्ञाकडे जातो. मुळात झटका आपोआप ओसरत असल्याने 'बरे झाले' असे वाटते आणि फाईल बंद होते. तरुणीच्या बाबतीत 'मनाचे दुखणे' म्हणून बोळवण होण्याचा धोका वेगळाच. हे तुकडे जोडणारा कोणीतरी भेटेपर्यंत वर्षे निघून जातात.

एमआरआय होतो तेव्हाही अडचण संपत नाही. मध्यवर्ती शीर आणि लोहाची कडा या खुणा नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी लोहाला संवेदनशील अशी वेगळी मालिका घ्यावी लागते. तीन टेस्लाच्या यंत्रावर त्या अधिक स्पष्ट उमटतात आणि दीड टेस्लाच्या यंत्रावर नजर अधिक सरावलेली लागते. ही जादा मालिका काही मिनिटांची असते, तिला नवे यंत्र लागत नाही आणि औषधही टोचावे लागत नाही. परंतु चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय ब्रेन' लिहिलेले असेल तर ती घेतली जाईलच असे नाही. मज्जारज्जूचे आणि डोळ्याच्या नसेचे चित्र तर वेगळे मागावे लागते. मग मोठ्या शहरात गेल्यावर 'पुन्हा काढा' असे ऐकावे लागते. रुग्णाच्या पिशवीत जाते ती छापील फिल्म. तिच्यावर एवढी बारीक खूण शोधणे जवळजवळ अशक्य. मूळ डिजिटल चित्रे सोबत नसतील तर पहिला खर्च पाण्यात जातो.

कापसाच्या गाठीची प्रत धाग्याची लांबी आणि बारीकपणा मोजून ठरते आणि त्या मोजमापावर खामगावचा व्यापारी व परगावचा गिरणीवाला दोघेही विश्वास ठेवतात. मेंदूच्या चित्राला असे सामायिक मोजमाप नसावे, ही विसंगती आहे. एका केंद्राचा अहवाल 'डिमायलिनेशनची शक्यता' एवढेच म्हणतो, दुसऱ्याचा 'वयोमानानुसार बदल' म्हणून मोकळा होतो. डाग किती, कोणत्या ठिकाणी, मध्यभागी शीर आहे की नाही, कडा आहे की नाही, पूर्वीच्या चित्राशी तुलना काय सांगते, या पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्येक अहवालात असावीत एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

या खुणांचा वऱ्हाडापुरता आणखी एक उपयोग संभवतो. डाग नवा की जुना हे ठरवण्यासाठी आजवर गॅडोलिनियमचे इंजेक्शन देऊन एमआरआय करावा लागे. ज्यांची मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी आहेत त्यांच्यात हे द्रव्य जपून वापरावे लागते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी किती जुन्या आहेत, हे बुलढाणा-अकोल्याच्या वाचकांना सांगायला नको. इंजेक्शनवाचून मिळणाऱ्या खुणा अशा रुग्णांसाठी दिलासा ठरतील.

कागदावरचे हक्क

निदानाच्या शिक्क्यावर औषधोपचारच नव्हे, हक्कही अवलंबून असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा समावेश आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. झटक्यात लुळा पडणारा आणि ओसरल्यावर चालू लागणारा हा आजार टक्क्यांत पकडणे कठीण. विम्याचेही तसेच. गंभीर आजारांच्या विमा पॉलिसींसाठी नियामकाने ठरवून दिलेल्या व्याख्येत एमआरआयसह तपासण्यांनी निर्विवाद निदान आणि किमान सहा महिने टिकलेली शारीरिक कमतरता या दोन्ही अटी आहेत. म्हणजे वैद्यकशास्त्र 'अपंगत्व येण्यापूर्वी ओळखा आणि रोखा' असे सांगते, तर विमा अपंगत्व टिकल्याखेरीज पैसे देत नाही. औषधांनी वेळीच काम केले तर दावा उभाच राहत नाही! निकष सुधारले, तशी ही व्याख्याही तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

यंत्राआधी शिस्त

नवे निकष आले म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत तीन टेस्लाची यंत्रे बसवा, अशी मागणी सोपी आणि टाळ्या मिळवणारी आहे. त्याहून स्वस्त आणि अधिक उपयोगी गोष्टी आधी होऊ शकतात. संशयित रुग्णासाठी एमआरआयचा एकच ठरीव आराखडा सरकारी व खासगी केंद्रांनी स्वीकारावा आणि त्यात लोहसंवेदी मालिका सक्तीची असावी. अहवाल ठरलेल्या नमुन्यात द्यावा. रुग्णाला फिल्मबरोबर मूळ डिजिटल चित्रे मिळावीत. २०१९ पासून सुरू असलेल्या ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यक सेवेचा वापर सर्दी-खोकल्यापलीकडे, मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळवण्यासाठी व्हावा. नव्या वैद्यकीय महाविद्यालयांनी जवळच्या जिल्ह्यांतील डॉक्टरांना 'डोळा, मज्जारज्जू, पुन्हा येणारा झटका' या तीन इशाऱ्यांची ओळख करून द्यावी. आणि ब-१२ ची तपासणी व क्षयाची शहानिशा झाल्याखेरीज, तसेच लक्षणे संशयास्पद असतील तर प्रतिपिंडांची चाचणी झाल्याखेरीज, महागड्या औषधांची चिठ्ठी लिहिली जाऊ नये.

रुग्णांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डोकेदुखीसाठी काढलेल्या एमआरआयमध्ये डाग दिसला म्हणून धास्तावण्याचे कारण नाही आणि झटका ओसरला म्हणून निर्धास्त होण्याचेही नाही. जुनी फाईल, जुनी चित्रे आणि कोणत्या महिन्यात काय झाले याची साधी नोंद यांचे मोल नव्या निकषांतही कमी झालेले नाही. चित्र कितीही बोलके झाले तरी निकषांची पहिली अट आजही तीच आहे. लक्षणे आजाराला साजेशी हवीत आणि त्यांचे दुसरे चांगले स्पष्टीकरण नसावे. ही अट तपासायला यंत्र पुरत नाही, रुग्णाचे शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर लागतो. डागातील शीर शोधण्याची सोय विज्ञानाने करून दिली आहे. तो डाग ज्याच्या मेंदूत आहे, त्याच्यापर्यंत ती सोय वेळेवर पोचवणे हे आरोग्यव्यवस्थेचे काम आहे आणि त्याची कसोटी मुंबईत नव्हे, खामगावातच लागणार आहे.